शार्तिएमध्ये पहिलं जेवण : रांगेपासून बिलापर्यंत

पुण्याहून किंवा नागपूरहून कुणी शिकायला, नोकरीला पॅरिसला आलं की महिन्याभरात एकदा तरी विचारणा होते. 'फ्रेंच हॉटेलात बसून नीट स्टेक खायचाय, पण आत शिरायचा धीर होत नाही. ताई, तू येशील का?' मी जाते, आणि पहिल्या वेळी प्रत्येकाला एकाच ठिकाणी नेते: बुयों शार्तिए, ७, फोबूर मोंमार्त्र, नववा विभाग. मेट्रोच्या ८ किंवा ९ नंबरच्या लाइनने ग्राँ बुलव्हार स्टेशनला उतरलं की दोन मिनिटांवर.

प्रत्येकासोबत जाणं काही जमत नाही. म्हणून जे जाता जाता सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

जागा काय आहे, ते आधी

शार्तिए हे निव्वळ स्टेकचं हॉटेल नाही. ते 'बुयों' आहे. बुयों म्हणजे मांसाचं पातळ सार, आणि त्यावरून पडलेलं स्वस्त जेवणघरांचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये दुव्हाल नावाचा खाटिक होता. मांसाचे उंची तुकडे श्रीमंत गिऱ्हाइकांकडे जायचे, उरलेल्याचं तो सार करून ले आल या मोठ्या बाजारातल्या कष्टकऱ्यांना गरम गरम वाढू लागला. ही कल्पना शहरभर पसरली. १८९६ मध्ये फ्रेदेरिक आणि कामीय शार्तिए या भावांनी फोबूर मोंमार्त्रवर आपलं बुयों उघडलं, आणि ते आजही त्याच दालनात चालू आहे. १९८९ पासून या दालनाची नोंद ऐतिहासिक वास्तू म्हणून आहे, त्यामुळे आतलं काही मनाला येईल तसं बदलता येत नाही.

आत गेल्यावर आधी मान वर करून बघा. काचेचं उंच छत, गोल दिव्यांचे झुबके, भिंतभर आरसे, आणि टेबलांच्या वर पितळेच्या दांड्यांच्या फळ्या. रेल्वेच्या डब्यात सामान ठेवायला असतात तशा. कोट, टोपी, पिशवी तिथे वर ठेवायची. भिंतीशी लाकडाचे छोटे छोटे खण दिसतील, प्रत्येकावर नंबर. रोज येणारी गिऱ्हाइकं आपला कापडी रुमाल या खणात ठेवून जायची आणि दुसऱ्या दिवशी तोच काढून मांडीवर घ्यायची. ते खण पाहिले की मला गिरणगावातल्या खाणावळींचे महिनेवारी मेंबर आठवतात. एकट्याने शहरात राहणाऱ्या माणसाला रोजची एक हक्काची जागा लागते, ती दोन्हीकडे सारखीच. भिंतीवर एक मोठं निसर्गचित्र आहे, तेही पाहून घ्या. एका चित्रकाराने जेवणाची उधारी फेडण्यासाठी ते काढून दिलं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ही जागा थाटामाटाच्या गिऱ्हाइकासाठी बांधलेलीच नाही. ती कारकून, मजूर, विद्यार्थी यांना टेबलाशी बसून, वाढप्याच्या हातून, तीन पदार्थांचं जेवण परवडावं म्हणून बांधलेली आहे. तेव्हा आत पाऊल टाकताना संकोच नको. इथे तुमच्यासारखीच माणसं सव्वाशे वर्षं जेवत आली आहेत.

कधी जायचं, रांगेत काय करायचं

फ्रान्समधली बहुतेक स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि सातनंतर उघडतात. चार वाजता पोटात कावळे ओरडत असलेला नवखा माणूस दारोदार फिरतो आणि सगळीकडे नकार ऐकतो. शार्तिए सकाळी साडेअकरापासून मध्यरात्रीपर्यंत सलग चालू असतं. माझा सल्ला: उघडायच्या वेळी जा, नाहीतर दुपारी तीन-चारच्या दरम्यान. रात्री आठला गेलात तर रांग रस्त्यापर्यंत आलेली असेल.

एकटेदुकटे असाल तर बुकिंगच्या भानगडीत पडू नका, सरळ रांगेत उभे राहा. रांग लांब दिसते, पण सरकते भराभर, कारण आत तीनशेच्या आसपास लोक बसतात आणि कुणी दोन तास रेंगाळत नाही. दाराशी उभा असलेला माणूस विचारेल, 'व्हू जेत कोंबियँ?' म्हणजे किती जण. बोटं दाखवली तरी चालतं, पण आधी 'बोंज्यूर मस्य' म्हणा. बाई असेल तर 'बोंज्यूर मादाम'. संध्याकाळ झाली असेल तर 'बोंस्वार'. हे वाक्य मी सगळ्यांना घोटून पाठ करायला लावते. आपल्याकडे हॉटेलात शिरून थेट 'दोन चहा' म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. फ्रान्समध्ये नमस्कार न करता मागणी केली की समोरचा माणूस लगेच आखडता होतो, आणि मग आपण म्हणतो की फ्रेंच लोक उद्धट असतात. नमस्कार आधी, काम मग.

दोघंच असाल तर बहुधा चौघांच्या टेबलावर अनोळखी जोडप्याशेजारी बसवतील. ही इथली रीत आहे. हसून 'बोंज्यूर' म्हणायचं आणि बसायचं. त्यांचं जेवण आलेलं असेल तर 'बोनापेती' म्हणा. माझ्या काही चांगल्या ओळखी अशाच झाल्या आहेत.

कागद वाचताना

मेनू म्हणजे एक छापील कागद, तारखेसह. इथे दोन शब्दांवर आपले लोक हमखास अडखळतात. फ्रेंचमध्ये 'कार्त' म्हणजे पदार्थांची यादी, आणि 'मन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीचं, ठरलेल्या पदार्थांचं जेवण. दुसरा 'आंत्रे'. अमेरिकी सवयीने त्याला मुख्य पदार्थ समजू नका, इथे ते सुरुवातीचं खाणं. मुख्य पदार्थ म्हणजे 'प्ला'. त्यानंतर चीज, म्हणजे 'फ्रोमाज', आणि मग 'देसेर'.

आंत्रेमध्ये उकडलेली अंडी मेयोनेजसोबत, किसलेल्या गाजराची कोशिंबीर, व्हिनेग्रेतमधला, म्हणजे तेल-व्हिनेगरच्या सॉसमधला लीक (कांद्याच्या जातीची भाजी), गोगलगायी असे पदार्थ असतात. पहिल्यांदा अंडी किंवा गाजर घ्या. गाजर आपल्या कोशिंबिरीच्या इतकं जवळचं असतं की घरची आठवण येते, फक्त फोडणी आणि दाण्याचं कूट नाही. तिघांचं जेवण असेल तर तीन वेगळे आंत्रे मागवून चव वाटून घ्या. एकमेकांच्या ताटातलं खाल्लं म्हणून इथे कुणी भुवई उंचावत नाही.

तीन पदार्थांचं जेवण माणशी साधारण वीस-पंचवीस युरोंत होतं. पॅरिसच्या मध्यवस्तीत, अशा दालनात, ही रक्कम फार नाही.

स्टेक मागवताना

आता मुख्य गोष्ट. इथे घाई करू नका.

फ्रेंच स्टेक म्हणजे अमेरिकी हॉटेलातला तीन बोटं जाडीचा तुकडा नव्हे. तो पातळ असतो, कडक तापलेल्या तव्यावर झटपट होतो, आणि त्याच्यासोबत बटाट्याच्या तळलेल्या सळ्या, म्हणजे 'फ्रीत', येतात. या जोडीलाच 'स्टेक-फ्रीत' म्हणतात. इथल्या स्टेककडून मऊ लोण्यासारखा विरघळण्याची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. त्याला चावावं लागतं, आणि चावताना चव सुटते.

तुकड्यांची नावं पॅरिसमध्ये कुठेही उपयोगी पडतील. 'फिले' सर्वांत मऊ आणि सर्वांत महाग, पण चवीला सौम्य. 'आंत्रकोत' म्हणजे बरगड्यांमधला भाग, त्यात चरबीच्या रेघा असतात, म्हणून रसाळ. 'फो-फिले' जरा घट्ट. 'रमस्तेक' पुठ्ठ्याकडचा, चरबी कमी. 'बाव्हेत' पोटाकडचा, लांब लांब धाग्यांचा, आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारा. 'ओंग्ले'ला इथे खाटकाचा तुकडा म्हणतात, कारण खाटिक तो विकायला न मांडता घरी न्यायचा असं सांगतात. बाव्हेत आणि ओंग्ले कापताना धागे कोणत्या दिशेने आहेत ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा. धाग्याच्या दिशेने कापलात तर चिवट लागेल, आडवा कापलात तर तोच तुकडा मऊ. आपण मटणाच्या दुकानात बोटीचे तुकडे कसे करून घ्यायचे ते सांगतो ना, तसंच हे.

'स्टेक आशे' म्हणजे खिम्याची थापलेली वडी, पावाशिवायच्या बर्गरसारखी. स्वस्त आणि लहान मुलांच्या आवडीची. 'स्टेक तार्तार' मात्र वेगळं प्रकरण आहे. ते कच्चं असतं, पूर्ण कच्चं, बारीक चिरलेलं, कांदा-केपर-मोहरी-अंड्याचा बलक घालून कालवलेलं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दुसऱ्याच एका हॉटेलात नावात 'स्टेक' दिसलं म्हणून ते मागवलं. ताट समोर आल्यावर त्याला घास घेववेना, बदलून मागायची भाषा येत नव्हती, आणि तो पाव खाऊन, पूर्ण पैसे देऊन घरी आला. पहिल्याच महिन्यात असा अनुभव आला की माणूस पुन्हा फ्रेंच हॉटेलची पायरी चढत नाही. म्हणून सांगते, 'तार्तार' हा शब्द लक्षात ठेवा. आवडीने खाणारे खूप आहेत, पण ठरवून मागवा, चुकून नको.

वाढपी तुमची ऑर्डर लिहिताना विचारेल, 'ला क्युइसों?' किती भाजायचा? चार उत्तरं आहेत.

'ब्ल': दोन्ही बाजूंना जेमतेम चटका, आत जवळजवळ कच्चा, मध्यभागी कोमटही नसतो.

'सेन्याँ': बाहेर तपकिरी, आत लाल आणि गरम. बरीच फ्रेंच माणसं हाच मागतात.

'आ प्वँ': मध्यभागी गुलाबी.

'ब्यँ क्युई': पूर्ण भाजलेला.

गोची अशी, की फ्रेंच मोजमाप आपल्या अंदाजापेक्षा एक पायरी कच्चं असतं. 'आ प्वँ'चा शब्दशः अर्थ 'अगदी बरोबर', आणि ते ऐकून आपण समजतो की मधला मार्ग. येतो तो चांगलाच गुलाबी. तव्यावर परतून मसाल्यात मुरलेलं मटण खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा 'ब्यँ क्युई' मागावंसं वाटणं साहजिक आहे. मागा. कुणी हसणार नाही. पण पातळ स्टेक पूर्ण भाजला की कोरडा होतो, तेव्हा सोबत मिरीचं किंवा दुसरं एखादं सॉस नक्की घ्या. दुसऱ्या खेपेला 'आ प्वँ' घेऊन बघा. मला स्वतःला 'सेन्याँ'पर्यंत यायला दोन वर्षं लागली.

ताटात जो लाल रस उतरतो तो रक्त नाही. जनावर कापल्यावर रक्त निघून जातं. हा रस म्हणजे पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन. हे कळल्यावर माझ्या मैत्रिणीची अर्धी किळस गेली. फक्त एक पथ्य पाळा: गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस सोबत असेल तर खिम्याचा स्टेक पूर्ण भाजलेलाच सांगा. अखंड तुकड्यात जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात, ते तव्यावर मरतात. खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून तो मध्यभागी ७० अंशांपर्यंत तापायला हवा.

गोमांस खात नसाल तर

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. फ्रान्समध्ये स्टेक म्हटलं की गोमांस, त्यात संदिग्धता नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैलाच्या मांसावरही कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिथे राहून बीफ खाल्लेल्यांनीही अलीकडे बहुधा म्हशीचंच खाल्लेलं असतं. इथली चव त्यांनाही वेगळी लागते. जे खात नाहीत त्यांनी अजिबात अवघडून जाऊ नये. 'ज न मांज पा द बफ', म्हणजे मी गोमांस खात नाही, एवढं म्हटलं की पुरे. कारण द्यावं लागत नाही. कोंबडी असते, बदक असतं, मासे असतात. बदकाची मांडी चरबीत मंद शिजवून वरून कुरकुरीत केलेली, 'कोंफी द कानार', मिळाली तर ती घ्या. मटण आवडणाऱ्या मराठी माणसाला ती स्टेकपेक्षाही जास्त आपली वाटते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

जे खातात त्यांच्यासाठी एक माहिती: गोमांस कोणत्या देशातलं आहे हे गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहिणं फ्रेंच हॉटेलांवर २००२ पासून बंधनकारक आहे. मेनूच्या तळाशी किंवा भिंतीवर ते सापडतं.

शाकाहारी मंडळींना मी खोटी आशा लावत नाही. निवड मोजकी असते. कोशिंबिरी, अंडी, बटाटे, चीज, गोड. सार मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं आणि काही गोडांत जिलेटिन असतं, तेव्हा विचारून घ्या. फ्रीत काही ठिकाणी, विशेषतः उत्तर फ्रान्समध्ये, गाय-बैलाच्या चरबीत तळतात, तेही विचारा. 'ज सुई व्हेजेतारियँ' म्हणा, बाई असाल तर शेवटी 'व्हेजेतारिएन'. ज्यांना हे सगळं नको वाटतं त्यांनी दालन बघायला यावं, गोड आणि कॉफी घ्यावी, आणि जेवायला चालत पासाज ब्रादीकडे जावं. फोबूर साँ-दनीजवळच्या त्या जुन्या छताच्या गल्लीत भारतीय हॉटेलं आहेत.

टेबलावर

वाढप्यांचा वेश बघा: अनेक खिशांचा काळा घट्ट जाकीट, त्याला 'रोंदँ' म्हणतात, आणि खाली लांब पांढरा एप्रन. टेबलावर कागद अंथरलेला असतो. वाढपी तुमच्याकडे झुकतो आणि तुमची ऑर्डर त्या कागदाच्याच कोपऱ्यावर पेनाने लिहितो, छोटी छोटी अक्षरं, एकाखाली एक. कागद फाडून तो नेत नाही, ऑर्डर तुमच्यासमोरच राहते. सॉस सांडलं तरी त्या कोपऱ्यावर सांडू नका, तेच तुमचं बिल आहे.

त्याला हाक मारायची ती 'मस्य' म्हणून. 'गार्सों' ही हाक जुनी झाली आणि आता अपमानाची वाटते. चुटकी, टाळी, 'शुक शुक' काही नको. नजरेला नजर मिळाली की हात किंचित वर करा. तो घाईत असतो, त्याच्या हाती एका वेळी चार-पाच ताटं असतात, पण विसरत नाही.

पाण्यासाठी 'युन कराफ दो' म्हणा. नळाचं पाणी, मोफत, आणि पिण्यासारखं. नुसतं 'पाणी' म्हटलंत तर बाटली येईल आणि तिचे पैसे पडतील. पावही मोफत असतो. तो ठेवायला वेगळी बशी नसते, थेट कागदावर ताटाशेजारी ठेवायचा. हाताने तोडायचा, सुरीने कापायचा नाही. स्टेक संपल्यावर ताटात राहिलेलं सॉस पावाने पुसून घ्या. भाकरीने रस्सा पुसणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वाइन घेत असाल तर पूर्ण बाटलीऐवजी 'पिशे', म्हणजे छोटा जग, मागवा.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. सगळा स्टेक आधी कापून ठेवू नका, गार होतो आणि रस निघून जातो. एक घास कापायचा, खायचा, मग दुसरा. दोन्ही हात टेबलावर दिसू द्या. मांडीवर हात ठेवून बसणं इथे विचित्र वाटतं. जेवण झालं की काटा-सुरी एकमेकांशेजारी ताटात ठेवा. तिरपी पसरून ठेवलीत तर अजून खायचं आहे असा अर्थ होतो.

गोडात चेस्टनटची क्रीम असेल तर ती फेटलेल्या सायीसोबत घ्या. शिंगाड्याच्या शिऱ्याची ओढ असणाऱ्याला ती फार आवडते.

बिल

बिल आपणहून येत नाही. मागितल्याशिवाय आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठवणं, असं फ्रान्समध्ये मानतात. 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' म्हणा. वाढपी येईल, कोपऱ्यावर लिहिलेल्या शब्दांपुढे आकडे मांडेल, ओठ हलवत बेरीज करेल आणि खाली रेघ मारून रकमेला गोल करेल. ती बेरीज तुम्हीही सोबत करा, आकडे फ्रेंचमध्ये शिकायचा यासारखा दुसरा वर्ग नाही. सर्व्हिस किमतीत धरलेली असते, त्यामुळे टिपची सक्ती नाही. सेवा आवडली तर एक-दोन युरोंची नाणी ठेवा. कार्ड चालतं.

फक्त स्टेक-फ्रीतच हवं असेल तर पुढच्या वेळी पोर्त मायोजवळ 'ल रले द व्हनीज'ला जा. १९५९ पासून तिथे मुख्य पदार्थ एकच, आणि प्रश्नही एकच: किती भाजू? दालनाच्या सौंदर्यासाठीच जायचं असेल तर १९०६ सालचं बुयों ज्यूलियँ आहे, आणि खिसा चांगला भरलेला असेल तेव्हा गार द लियों स्टेशनातलं १९०१ चं ल त्रँ ब्ल. पण त्यांच्यासाठी घाई नाही.

उठायच्या आधी वरच्या फळीवरून कोट, छत्री, पिशवी घेतली ना ते बघा, सर्वांत जास्त विसरलं जातं ते तिथेच. कागदावरच्या हिशेबाचा फोटो हवा असेल तर बसल्या बसल्याच काढा. तुम्ही खुर्ची सोडलीत की वाढपी चारी कोपरे उचलतो, पावाचे तुकडे आत गोळा करतो, कागदाचा बोळा होतो आणि दुसऱ्या हाताने नवा कागद अंथरला जातो.